काच क्रमांक २१७

आधी मान.
ताठ आहे. मानी बाई, असं लिहायचा मोह होतो.
पण झग्याच्या घेराआड बघा, जमिनीलगत:
लोखंडी घोडीचे दोन पाय दिसतात.
तिचा चिमटा मागून मानेला.
नऊ सेकंद हलायचं नव्हतं.
मान दिलेली नाही, धरलेली आहे.

मग पट्टी.
उजव्या खांद्यालगत उभी, काळी-पांढरी,
चौकटीतली एकमेव पूर्ण सरळ वस्तू.
नजर तिच्यावरून चढते, टोपीपाशी अडते
आणि उतरताना चेहऱ्यावर न थांबता निघून जाते.
मांडणीच तशी केली आहे.

मागची चादर डावीकडे चार बोटं कमी पडली.
तेवढ्या फटीतून बर्चचं एक खोड आत आलंय
आणि बुंध्याशी पुसट फराटा,
कुत्रा असणार.
त्याला कुणी धरलं नव्हतं.

रंगावर विश्वास ठेवू नका.
त्या काळच्या काचेला निळं दिसायचं पांढरं,
तांबडं दिसायचं काळं.
म्हणजे ही आजाऱ्याच्या कपड्यातली फिकट बाई
गर्द निळी उभी होती,
आणि काठावरची सुतकी रेघ
लालभडक.
डोळेही असे राखेचे नसणार.
नोंदवहीत मात्र शाईने आहे:
'लॅप, स्त्री, समोरून. वय अंदाजे चाळीस.
डोळे निस्तेज. १८७४.'
काचेचं आंधळेपण
तिच्या खात्यावर.

(बाजूने काढलेली २१८ फुटली आहे.
ट्रोम्सोच्या या तळघरात मी अकरा वर्षं काचा पुसते,
ती माझ्या हातून नाही फुटली.)

शेवटी फोकस, आणि इथे फोटोवाला चुकलाय.
चेहरा किंचित विरघळलेला.
धार दोन बोटं अलीकडे बसली,
कमरेवर. पट्ट्याचं सूत न् सूत मोजावं.

एवढं मी लिहून ठेवलं होतं.
फेब्रुवारीत राव्ना आली, आतल्या पठारावरून, आठ तास बसने,
बोटांना सुईचे घट्टे.
चेहरा दाखवायला लागले तर म्हणाली, तो नंतर.
माझं भिंग घेऊन थेट कमरेवर ठेवलं.
'उलटा आहे.'

मी काच तपासली. कधी कधी प्रत उलटी छापली जाते.
'काच नव्हे गं. पट्टा.
ही विणीची मागची बाजू. हे सुटे धागे बघ, उड्या मारत गेलेले.
नक्षी आत आहे. पोटाकडे.'

मुद्दाम?

'घाई असेल. दारातून ओढून आणलं की होतं असं.'

बाहेर बंदरात बोटीचा भोंगा वाजला.
तिने भिंग उचललं नाही.

'बटणं मात्र बाहेर आहेत,' ती हळूच म्हणाली.
चौकोनी; म्हणजे लग्न झालेली, एवढं मलाही ठाऊक.
'पट्टा उलटला तर बटणं आत जायला हवीत.
हिने ती उसवली. या बाजूला पुन्हा शिवली.
बावीस.
घाईत कुणी बावीस बटणं शिवत नाही.'

मी विचारलं, नक्षीवरून घराणं कळलं असतं ना?
'गाव कळलं असतं. आईसुद्धा.'
मग आता?
'आता नाही. तिने दाखवायचं तेवढं दाखवलं.'
आणि राव्ना हसली, तोंडावर हात न ठेवता,
पुढचा एक दात नव्हता.

मी नोंदवही उघडली, पेन धरलं,
'निस्तेज' या शब्दाशी बराच वेळ बसून राहिले.

तिची बस पाचला होती.
निघताना म्हणाली, मला एक प्रत दे,
फक्त पट्ट्याची. खऱ्या मापात.
मागची वीण आली की पुढची लावता येते मला,
रात्री लागतील थोड्या.
माप कसं काढू, म्हणून मी विचारात पडले
तर तिने तीच काळी-पांढरी काठी
नखाने टकटक वाजवली:

'ही पट्टी आहे की शेजारी.
येऊ दे एकदाची कामाला.'